शेवटच्या खांबाखाली

बेटाच्या मधोमध तो डोंगर असा बसला होता की त्याच्याकडे पाठ फिरवून कुठे जायची सोयच नव्हती. धक्क्यावर उभं राहा, बाजारातून पिशवी घेऊन निघा, न्हाव्याच्या खुर्चीत आरशासमोर मान ताठ करून बसा, डोंगर होताच. पाहुणे बोटीतून उतरत, तारेच्या दोराला लटकलेल्या डब्यांत बसत आणि शिखरावर जाऊन येत. त्या दोराला सांधा घालणारा माणूस बेटावर एकच होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

दोर पोलादी तारांचे पदर पिळून केलेला. खालच्या स्टेशनातून वर, वरून पुन्हा खाली, असा तो अखंड फिरे. अखंड दिसणाऱ्या वस्तूला कुठेतरी दोन टोकं असतातच आणि ती कुणीतरी जोडलेली असतात. दोर जुना झाला की नवा चढवायचा. मग त्याच्या टोकांचे पदर उलगडायचे, पोटातला गाभा काढायचा आणि त्या पोकळीत समोरच्या टोकाचा पदर लोखंडी टोच्याने दाबत दाबत बसवत न्यायचा. गाठ नाही, फुगवटा नाही. डोळे मिटून हात फिरवला तर सांधा सापडू नये.

कुठल्या कागदावर नसलेला पण कुणी न मोडलेला एक रिवाज होता. सांधा ज्याने घातला त्यानेच पहिल्या डब्यात बसून एकट्याने वर जायचं. वर पोचला की त्याने घंटेचं बटण दाबायचं. ती घंटा खाली वाजली म्हणजे दोर सगळ्यांसाठी मोकळा. आणि सांधेकऱ्याने एकदा ‘झाला’ म्हटलं की सांध्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. जो हात लावेल, सांधा त्याचा.

उस्ताद असे कित्येकदा वर गेले होते, पण डोंगर त्यांनी पाहिला नव्हता. डब्याच्या पुढेच सांधा असे आणि पूर्ण वाटभर त्यांची नजर त्यावर खिळलेली असे. खांबामागून खांब येत, खांबावरच्या चाकांवरून सांधा सरके, उस्ताद श्वास धरत आणि सोडत. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे खांबांची एक रांग होती. सगळ्यात वाईट तो शेवटचा खांब, तिथे दोर मान मोडल्यासारखा वाकतो. बायको चारचौघांत म्हणायची, “आमचे हे डोंगरावर जातात आणि दोर बघून येतात.”

घरात तरी काय वेगळं होतं! दुसऱ्याने बांधलेलं काही त्यांना पटत नसे. बायकोने वाळत घालायची दोरी बांधली की हे मागून जाऊन सोडणार आणि पुन्हा बांधणार. लेकीच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या ती चांगली मोठी होईपर्यंत दारात अडवून बांधून देत. लग्न ठरलं तेव्हा लेकीने सासरच्यांना बजावलं होतं म्हणे, बाबा आले की कपाटाच्या बिजागऱ्या हलवून बघतील, राग मानू नका.

पण टोचा हातात धरायला ती त्यांच्याकडेच शिकली. उस्तादांच्या बोटांतली पकड गेली, डोळ्यांवर जाळी आली आणि या वेळच्या नव्या दोराचा सांधा लेकीने घालायचा असं ठरलं. मुकादम म्हणाला होता, तुमचीच पोर आहे, बघून घ्या. उस्ताद हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि बघत राहिले. ओठ चावत होते, पण हात पाठीमागेच. शेवटचा पदर आत जाताना त्यांना वाटलं, तो जरासा उभा राहिला. केसभर. मग वाटलं, आपल्या डोळ्यातलीच जाळी हलली. लेक कपाळावरचा घाम मनगटाने पुसत म्हणाली, “झाला.”

मुकादमाने मापाचा चिमटा सांधाभर फिरवला. माप चोख होतं. तारांचं काम बघणारे साहेबही मान डोलावून गेले. उस्तादांना मात्र तो केसभर पदर सोडेना. हात लावला असता तर कळलं असतं, पण मग सांधा त्यांचा झाला असता आणि लेक आयुष्यभर उस्तादांची पोर राहिली असती. शेजारी बसून जायची सोय नव्हती. राहता राहिले पाय.

“शेवटच्या खांबाखाली जाऊन बसतो,” ते घरी म्हणाले. “तिथून बघेन.”

बायकोने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं बसून गेलात, आता गुडघे गेल्यावर चालत जा, बरोबर आहे तुमचं, असं म्हणत तिने उकडलेली अंडी आणि पाव फडक्यात बांधले. गाठ तिने मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत मारली. उस्तादांनी ती सोडली नाही, म्हणजे माणूस खरंच काळजीत आहे हे तिला कळलं.

चाचणी पहाटे होणार होती, तेव्हा वारा पडलेला असतो. म्हणून उस्ताद आदल्या दिवशी जेवून निघाले. वस्ती संपली, चढाची शेतं संपली आणि जंगल लागलं. हे जंगल त्यांनी वरून पाहिलं होतं, डोळ्याच्या कडेला लागलेला हिरवा डाग म्हणून. आता त्या डागाला खोडं होती. खोडांना शेवाळ होतं, शेवाळात पाणी आणि पाण्यात इवले पांढरे किडे. पाखरं अशी बोलत होती जणू इथे कधी कुणी आलंच नाही. उस्ताद मधेच थांबले. यातलं काही आपल्याला वर डब्यात ऐकू आलं नव्हतं, आणि आपण मात्र याच्याच डोक्यावरून जात होतो.

पुढे ढग लागले. ढगात शिरताना दारबिर काही नसतं. आधी पायवाट पुसट झाली, मग स्वतःचे पाय. ते दगड चाचपत वर सरकत राहिले. ढग खाली राहिला तेव्हा झाडं संपली होती आणि पायाखाली काळी, भाजल्यासारखी खडी होती. सांज झाली होती. मधल्या खांबाजवळ अवजारांची पत्र्याची खोली होती, तिच्यात त्यांनी अंग टाकलं. तिचं छप्पर त्यांना वरून पाठ होतं, दार कोणत्या बाजूला आहे ते शोधावं लागलं.

उजाडायच्या आत ते पुन्हा चढू लागले. गारठा हाडांत शिरला होता. गुडघे दर पावलाला तक्रार करत होते, आणि उस्ताद त्यांना थोडं राहिलंय, थोडं राहिलंय म्हणत होते, जसं लहान पोराला म्हणावं. शेवटच्या खांबाच्या पायथ्याशी पोचून ते दगडाला टेकले. डोक्यावर चाकं, चाकांवर नवा दोर, निश्चल. खालून तो फारच बारीक दिसत होता. एवढ्याशा रेघेवर आपण जन्म काढला.

दोर हलला. चाकं कुरकुरली आणि फिरू लागली. खाली, ढगांच्या कडेतून एक ठिपका वर निघाला. लेक होती त्यात. उस्ताद उठून उभे राहिले. एक खांब गेला. दुसरा गेला. त्यांनी डोळे चोळले, डोळ्यातली जाळी निघावी म्हणून. आणि त्यांच्या पाठीशी सूर्य वर आला.

समोर ढगांचा समुद्र होता, ढग जिथे फाटले होते तिथे खरा समुद्र होता, आणि त्या दोन्हींवर एक अफाट निळा त्रिकोण पडला होता. तो क्षितिजापर्यंत गेला होता. क्षितिजाशी पोचूनही तो थांबला नव्हता, तिथून उठून आभाळात उभा राहिला होता. उस्तादांना आधी वाटलं, दुसरं बेट. मग वाटलं, डोळे गेले. मग कळलं की ही सावली आहे. ज्याच्या अंगावर आपण उभे आहोत त्याची.

म्हणजे हा एवढा आहे.

त्यांनी कशाला तरी धरायला हात पुढे केला. धरण्यासारखं काही नव्हतं. त्या निळ्या अंधारात अर्धं बेट होतं, बंदर होतं, बाजार होता, घरात उठून चूल पेटवणारी बायको होती, आणि कुणाला पत्ताही नव्हता की आपण सावलीत आहोत. सावलीला आवाज नव्हता. ती कुणासाठी पडली नव्हती. कुणी पाहो न पाहो, उघाड असेल त्या प्रत्येक पहाटे ती अशीच पडत आली असणार, आणि आपण तेव्हा सांध्याकडे बघत असणार. उस्तादांच्या छातीत काहीतरी सैल झालं. भीती नव्हती ती. भीती त्यांना चांगली माहीत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आले तेव्हा डोक्यावर दोर नुसता गुणगुणत होता आणि डबा खांब ओलांडून वरच्या स्टेशनात शिरत होता.

ते धापा टाकत शिखरावर पोचले. लेक स्टेशनच्या दारात ग्रीसने माखलेले हातमोजे घालून उभी होती. घंटा तिने वाजवली नव्हती. खाली सगळे खोळंबले असणार, आणि ही इथे उभी.

“घंटा?” ते म्हणाले.

“तुम्ही पाठ फिरवलीत,” ती म्हणाली. “मी खांबावरून गेले, वळून पाहिलं तर तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे. एवढा भरवसा नव्हता तर तेव्हाच बोलायचं होतं ना, बाबा. हात लावायचा होता. मी पुन्हा विणला असता.”

उस्तादांना आधी तिचं म्हणणं समजलंच नाही. समजलं तेव्हा ते गडबडले. शेवटचा पदर उभा राहिल्यासारखं वाटलं होतं, हे त्यांनी सांगून टाकलं. तेवढ्यासाठीच आलो, हेही सांगितलं.

“मग? बसला का चाकावर नीट?”

“मला ठाऊक नाही.”

“म्हणजे?”

“बघायचं विसरलो.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. माणूस खोटं बोलतोय, की थंडीने भ्रमला आहे, की आणखी काही, ते ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होती. विसरलो हा शब्द तिने या तोंडून कधी ऐकला नव्हता. उस्तादांनी तिचा दंड धरला आणि तिला कठड्यापाशी नेलं. त्रिकोण आता आखडला होता, आभाळातून उतरून समुद्रावर आला होता, तरी अजून कितीतरी गलबतं त्याच्यात मावली असती. मोजे काढून तिने कठडा उघड्या हातांनी धरला.

ती हळूच म्हणाली, “हे रोज असतं?”

“मला काय विचारतेस? मी पण आजच आलोय.”

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग आत जाऊन तिने बटण दाबलं. खालून ओरडण्याचा आवाज इतक्या उंच येणं शक्य नव्हतं, पण दोर थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला आणि रिकामे डबे एकामागून एक वर येऊ लागले.

“चला बाबा, बसा माझ्याबरोबर. आता रिवाज आड येत नाही.”

“तू हो पुढे,” उस्ताद म्हणाले. ते अजून समुद्राकडेच बघत होते. “आणि हे बघ, उतरताना दोराकडे बघू नकोस.”