टोपीवाला ओ आणि एकतीस एरर

खराब फ्लॉप्या फेकून देता येतात, किस्से नाही. भाईंदर पूर्वेच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे तर ढीगभर साठलेत. मी तिथे लॅब असिस्टंट होते. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. मला 'सी' लँग्वेजची बॅच शिकवायची होती. क्लासचे मालक कुळकर्णी सर म्हणायचे, "डिग्री नाही, तर खडू नाही!" त्यांच्याकडे डिग्री होती. डोक्याचं तुम्हीच ठरवा.

*

सर प्रोग्राम टाईप करायचे वर्ड प्रोसेसरमध्ये. का, तर "सुबक दिसतं!" ते सॉफ्टवेअर सरळ डबल कोट आपोआप वळणदार करायचं. तीच फाईल डॉसमध्ये उघडली, की सुरुवातीच्या कोटाच्या जागी टोपी घातलेला ओ, शेवटच्याच्या जागी डोक्यावर दोन टिंबांचा! प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरला सरळ कोटच कळायचा, तो बोंबलायचा.

पहिल्यांदा तो ओ दिसला तेव्हा सर ओरडले, "व्हायरस! चपला कोणी आत आणल्या?"

सगळ्यांच्या चपला जिन्यात गेल्या. ओ तिथेच!

*

दोन मायनस लागोपाठ दिले, की ते सॉफ्टवेअर त्यांची एक लांब रेघ करायचं. डॉसमध्ये तिचा व्हायचा यू, डोक्यावर तिरकी काडी. भावेशने विचारलं, "सर, ये क्या है?"

"फ्रेंच आहे. कंपायलर फॉरेनचा ना!"

भावेशने वहीत उतरवून घेतलं.

*

मग सर फळ्याकडे वळले. तिथेही वळणदारच कोट! सुरुवातीचा थेट 66, शेवटचा 99. "दिसतं तस्सं टाईप करा. अक्कल चालवायची नाही!"

काशीमिऱ्याच्या रेश्माने नाही चालवली. सहासष्ट टाईप केलं, मग हॅलो, मग नव्व्याण्णव.

"हे काय गं?"

"सर, तुमचंच अक्षर आहे."

*

आमचे बाबाही काही कमी नाहीत. काकाच्या लग्नाची पत्रिका मी क्लासमध्येच केली. 'नमो बुद्धाय'च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे दंड हवे होते. त्या फॉन्टमध्ये ते नव्हतेच, प्रिंटवर नुसते रिकामे चौकोन. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडून हे डबे शिकलीस?"

मी इंग्रजी फॉन्ट घेतला आणि चार वेळा कॅपिटल आय मारला. दंड तयार! तीच पत्रिका बाबांनी पेणकरपाड्यात घरोघर वाटली. "पोरीने केलीय, कॉम्प्युटरवर!"

*

पालकांसाठी डेमो होता. खुर्च्या भरलेल्या. सरांनी फ्लॉपी घातली, पोरांची नावं दाखवणारा प्रोग्राम कंपाईल केला. एकतीस एरर!

सर हसले. "लाईट वर-खाली होतेय."

"सर, मी बघते."

"तू चहाचं बघ!"

मागच्या रांगेतले दोघे उठायला लागले. मी सरळ जाऊन सरांच्या खुर्चीत बसले. टोपीवाला ओ शोधला, सगळीकडे सरळ कोट घातला. दोन टिंबांचा ओ शोधला, तिथेही तेच. पुन्हा कंपाईल. शून्य एरर! स्क्रीनवर पोरांची नावं एकेक करून झळकली. टाळ्याच टाळ्या!

भावेशचे पप्पा उभे राहिले. "सर, ये मॅडम का बॅच कितने बजे का है? भावेश उसी में बैठेगा."

सरांनी फ्लॉपी काढून खिशात घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुबह साडेसात."

"सकाळी नाही जमणार मला," मी म्हटलं. "संध्याकाळची लावा."