हौदातलं पाकट

प्राणिशास्त्राच्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. बाटलीत, पिंजऱ्यात, कधी बुटातसुद्धा ते येऊन बसतात! ऐंशीच्या आसपास मी वर्ध्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमचे किस्से मात्र एकाच माशाचे. गंगेतलं, गोड्या पाण्यातलं पाकट. परातीएवढं चपटं अंग, चाबकासारखी शेपटी आणि तिच्यावर विषारी काटा. पुस्तकात त्याच्यावर जेमतेम चार ओळी!

\*

आमचे हेड कोल्हे सर आणि मी ते पाटण्याहून पत्र्याच्या टाकीत जिवंत घेऊन रेल्वेनं निघालो. नागपूरला चढलेल्या एकानं टाकीवर पाय ठेवला.

"काय हाय यात?"

"विषारी मासा."

वर्ध्यापर्यंत आख्खा बाक आमचा! पण डोळा लागला नाही. आतून शेपटीचे फटके ऐकू येत होते.

\*

लॅबमागच्या हौदात वाळू टाकून त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी हौद रिकामा! अटेंडंट नामदेव ओरडला, "सर, मासा भायेर निघून गेला!"

क्षणात सगळा स्टाफ बाकांवर. सरसुद्धा! मग वाळूतून दोन डोळे वर आले. आमच्याकडेच बघत होते.

\*

हौद साफ करताना नामदेवच्या मनगटात काटा शिरला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जीपमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं.

"साप कोणता होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"साप नाही, मासा!"

डॉक्टरांनी नर्सला पाणी तापवायला सांगितलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला, तेव्हा कुठे कळ उतरू लागली. जवळच्या नालवाडीहून त्याची बायको धावत आली. "सर, काऊन उतरवलं ह्यायले त्या हौदात?"

नामदेव वाचला, पण दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत.

\*

भाद्रपदात पावसानं हौद भरून वाहिला. सकाळी आम्ही काठीनं सगळी वाळू उकरली. पाकट नव्हतं! आणि हौदामागचा नाला थेट धाम नदीला मिळतो.

त्याच आठवड्यात डिपार्टमेंटच्या गणपतीचं विसर्जन. नदीवर आरती झाली, पण पाण्यात कोणी पाय टाकेना.

"सर, तुम्ही व्हा पुढं."

"छे छे, तुम्ही तरुण मंडळी!"

शेवटी नामदेवनंच मूर्ती उचलली. "आना इकडं. मले तं एकडाव डसलंच हाये ते!"

कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि थांबला. मूर्ती तशीच डोक्यावर.

"नामदेव, काय झालं रे?"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"सर, पायावर काहीतरी येऊन बसून राह्यलं. मूर्ती सोडू का नको?"