तांड्यावरची अरदास

मंगळवार, पौष महिना. हजर : मी, धाकटा भाऊ सुभाष (गाडी चालवायला) आणि आमची याडी (आई). वणीहून सकाळी सहाला निघालो. ठरले होते साडेपाच.

काम एकच. याडीच्या हृदयाची झडप बदलायची की नाही, हे आठवड्याभरात डॉक्टरांना कळवायचे होते. शस्त्रक्रिया केली तर या वयात जिवाला धोका, नाही केली तर दम वाढत जाणार. करावी असे माझे मत, सुभाषचा साफ नकार. महिनाभर भांडून झाले. शेवटी आमच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) जाऊन देवाला विचारू, एवढ्यावर एकमत झाले.

कोळशाच्या ट्रकांमागून रांगत पांढरकवडा गाठले. तिथे चहा, आलूबोंडा. पुढे टायर पंक्चर, तासभर मोडला. तेवढ्या वेळात याडी बांधावर बसून कापूस वेचणाऱ्या बायांशी गप्पा मारत होती. महागाव ओलांडून तांड्यावर पोचेस्तोवर दुपार झाली.

तांड्यावरच राहणाऱ्या काकांनी देवळापुढे निखारे मांडून ठेवले होते. भोग म्हणून त्यांवर तूप आणि लापशी (गव्हाचा गोड सांजा) घातली. आमच्यात अरदास (प्रार्थना) मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी करतात. मी म्हटले, "देवा, ऑपरेशन नीट पार पडू दे." लगेच सुभाष म्हणाला, "देवा, चिरफाड न करताच बरं वाटू दे."

काका हसले. "काहून बे, तुमी दोघं देवाले विचारून राह्यले का हुकूम देऊन राह्यले?"

"मंग काय म्हनू?" सुभाष चिडला.

"अक्कल माग. उत्तर तं तुमी घरूनच आनलं."

पुन्हा हात जोडले. या खेपेला "आम्हाला समज दे" एवढेच म्हटले आणि गप्प उभे राहिलो. निखाऱ्यांवर तूप चरचरत होते. माझ्या वहीत फायद्या-तोट्यांची दोन पाने भरली होती. त्यात डॉक्टरांचे मत होते, सुभाषचे, माझे, शेजारणीचेसुद्धा. याडीचे नव्हते. तिथेच वळून विचारले, "याडी, तुला काय वाटतं?"

"आता इचारलं माय!" ती म्हणाली. "मले डॉक्टरले एक पुसाचं हाय. चिरल्यावर माही आंघोळ मी करन, का दुसऱ्यानं घालावं लागन? ते ऐकल्याबिगर मी हो म्हनत नाही, अन् नाही बी म्हनत नाही."

मी तिचा प्रश्न वहीत लिहून घेतला.

परतलो तेव्हा वणीत दिवे लागले होते. निर्णय झालेला नाही, पण तो कोणाचा आहे हे कळले. डॉक्टरांची वेळ अजून घ्यायची आहे. याडी आत जाईल, आम्ही दोघे बाहेर बसू.