रोमचे नळ आणि कंडक्टरआत्या

माझ्या आत्याच्या घरात रिकामं भांडं कधी दिसायचं नाही. घागरी, बादल्या, कळशा, कुकर, एवढंच काय, चहाचं पातेलंसुद्धा ती झोपण्याआधी पाण्याने भरून ठेवायची. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी आठवड्याने येतं, आणि तेही आलं तर. पण मुकुंदवाडीच्या अख्ख्या गल्लीत एवढा साठा फक्त तिच्याकडे असायचा. उन्हाळ्यात शेजारणी हक्काने तिच्याकडून पाणी न्यायच्या आणि ती त्यांना वर चहाही पाजायची.

ती एसटीत कंडक्टर होती, म्हणून घरातले लहानथोर सगळे तिला कंडक्टरआत्या म्हणत. लग्न तिने केलं नाही. कुणी त्याबद्दल फारच खोदून विचारलं तर ‘जागा नाय, मागून गाडी येतीय,’ म्हणून मोकळी व्हायची. विचारणारी बाई ओशाळून हसायची आणि विषय तिथेच संपायचा.

अजिंठ्याच्या गाडीवर तिची बरीच वर्षं गेली. लेणी बघायला निघालेले परदेशी प्रवासी पाठीवर बोचकी घेऊन त्या गाडीत चढत आणि केळी-बिस्किटांवर दिवस काढत. ‘त्यांच्याकडं बघून कळलं मला,’ ती सांगायची, ‘जग बघाय श्रीमंत असावं लागत नाय. पोट घट्ट आन् पाय मोकळं पायजेत.’ एकदा एका इटालियन म्हातारीला गाडी लागली. आत्याने तिला लिंबू दिलं, पाठीवर हात फिरवत लेण्यांपर्यंत सांभाळून नेलं. उतरताना म्हातारी म्हणाली, ‘रोमला ये.’ असं सगळेच म्हणतात. आत्याने मात्र ते बोलावणं मनात जपलं. म्हातारीचं नाव नाही, पत्ता नाही. पण निवृत्त झाली आणि मला म्हणाली, ‘चल. तुला इंग्रजी येतं, मला माणसं येतात.’

टूर कंपनीबरोबर जायचं तिने साफ नाकारलं. ‘त्यांच्या गाडीत आपण कुठं उतरायचं ते दुसराच ठरवतो,’ असं तिचं म्हणणं. मग रोमच्या स्टेशनजवळ एका स्वस्त होस्टेलात, परक्या पोरींनी भरलेल्या खोलीत आम्हाला एक दुमजली पलंग मिळाला. खाली आत्या, वर मी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून आणलेली, टोमॅटो तिथल्या बाजारातले. कॉफी उभ्यानेच प्यायची, कारण खुर्चीवर बसलं की ती महाग पडते. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. ‘माझा जल्म उभ्यानंच गेलाय,’ म्हणाली. सिटीबसमध्ये दारात घुटमळणाऱ्या लोकांना ती खणखणीत मराठीत ‘चला, पुढं सरका, मधी जागा हाय’ म्हणायची, आणि खरं सांगते, ते निमूट सरकायचे.

रोममध्ये रस्त्याच्या कडेला जागोजाग लोखंडी नळ आहेत. चोवीस तास वाहणारे, फुकट, पिण्याच्या पाण्याचे. पहिला नळ दिसला तेव्हा आत्या थबकली आणि तो बंद करायची चावी शोधू लागली. चावीच नाही म्हटल्यावर तिने धारेला बोट लावून धरलं. पाणी नळाच्या वरच्या अंगाला असलेल्या भोकातून उसळलं आणि तिची साडी भिजली. आजूबाजूचे लोक हसले, मीही हसले. आत्या काही हसली नाही. ‘कुणाच्या तरी वाट्याचं पाणी चाललंय गं हे,’ म्हणाली. त्यानंतर दिसेल त्या नळावर बाटल्या भरल्याशिवाय ती पाऊल उचलेना.

होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरातली झाडून सगळी पातेली तिने भरून ठेवली. सकाळी पोरींना चहाला भांडं मिळेना. मी त्यांना आमच्या गावच्या नळाची कथा सांगितली, तेव्हा त्या पोरी आत्याच्या गळ्यातच पडल्या. पण पुढे पुढे आत्या भरलेली पातेली ओतून पुन्हा भरायला लागली. मला वाटलं, सवयच ती, जाणार कुठे. मग एका सकाळी तिने मला हलवून उठवलं आणि म्हणाली, ‘ऊठ, नळ आलेत. बापाला म्हणावं, मोटार लाव.’

माझे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माझा चेहरा बघून ती भानावर आली, आणि पांघरुणाची घडी घालत बसली.

दुपारी आम्ही नदीपलीकडच्या टेकडीवर गेलो. खाली सगळं शहर पसरलेलं, विटकरी घरं आणि त्यांतून वर आलेले घुमट. कठड्यापाशी बसून आत्या म्हणाली, ‘डॉक्टरनं निघायच्या आधीच सांगितलंय मला. हळूहळू समदं पुसत जाणार म्हणला.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर आणलं असतंस व्हय?’

नसतंच आणलं. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी तिला कुशीत घ्यावंसं वाटलं.

‘मी इसरणारच हाय,’ ती म्हणाली. ‘तू नीट बघून घे. दोघींतल्या एकीच्या ध्यानात राहिलं तरी लई झालं.’ मी रडायला लागले तशी खेकसली, ‘रडू नको. डोळं भरल्यावर काय दिसतंय?’

उरलेले दिवस मी फक्त बघत होते. ती बोट दाखवायची आणि मी बघायचे: चर्चची छतं, बाजारातल्या भाज्या, बाकावर झोपलेली मांजरं. कुणीतरी आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून स्वतः रिकामं होत चाललंय, ही जाणीव फार वाईट असते. मला ते शहर सुंदर आहे असं आजही म्हणवत नाही.

परत आल्यावर आधी तिचे रस्ते गेले, मग नावं गेली, मग मी गेले. दर रविवारी मी मुकुंदवाडीला जायचे आणि तिच्याशेजारी बसून रोमच्या गोष्टी सांगायचे. माझी एक आत्या होती, तिने तिकडच्या बसमधल्या लोकांना मराठीत पुढे सरकवलं, असं सांगितलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. ही गोष्ट तिने किती वेळा नव्याने ऐकली असेल कोण जाणे. तेवढ्या हसण्यासाठी मी आठवडाभर थांबायचे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. त्याच्या आधीच्या रविवारी गोष्ट ऐकून झाल्यावर तिने माझा हात हातात घेतला.

‘बाई, तुमच्या त्या आत्याला एकदा घेऊन या इकडं,’ म्हणाली. ‘मला लई बोलायचंय त्यांच्याशी.’

‘मलापण,’ मी म्हणाले.