दोन साड्यांच्या सिस्टर

आमच्या पोलादपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणतात. त्या ख्रिस्ती. दोन साड्या, एक ताट आणि चटई एवढाच त्यांचा संसार. कुणी भेट आणली की "येशूच्या माणसाला एवढं कशाला रे?" म्हणत ती दुसऱ्याच्या हातात ठेवतात. बोलणं मात्र तिखट.

परवा मी त्यांना जीपने डोंगरातल्या वाडीवर नेलं. सोबत मुंबईच्या चर्चमधले एक पाहुणे होते. दरीतून पाणी आणणाऱ्या बायांचे फोटो काढत ते म्हणाले, "किती साधं जगता तुम्ही! सिस्टरसारखंच. देवाला हेच आवडतं."

सिस्टर ताडकन वळल्या आणि हंडा घेतलेल्या एका बाईकडे बोट दाखवत म्हणाल्या,

"तिसरी साडी मी नको म्हटली. हिला दुसरी कुणी दिलीच नाय. माझा तो उपास हाय, हिची उपासमार. उपासमारीला देवाचं नाव लावू नका!"

अजून वाडीला नळ नाही, या विचाराने माझ्याही डोक्यात तिडीक गेली. सिस्टरनी त्याच बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून पाहुण्यांच्या हातात दिला.

"घरापर्यंत पोचवा."

पाहुणे धापा टाकत चढू लागले. मागून सिस्टर ओरडल्या, "सांडू नका, तिला परत दरीत उतरावं लागंल!"