सहाशे बारा खिळे
हजेरीपटावर तिचं नाव रीतसर लिहिलेलं होतं, पण सगळे तिला खुरपीताईच म्हणायचे. लढाई संपल्यावर जमिनीत राहिलेले न फुटलेले तोफगोळे शोधून नष्ट करणाऱ्या पथकाची ती प्रमुख. त्याआधी वीस वर्षं दवाखान्याच्या बागेत माळीण. मातीची पारख तिथलीच, आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली तीही तिथल्याच सवयीने. माळी माणूस खुरपी वरून घालतो आणि माती स्वतःकडे ओढतो. या कामात मात्र बाजूने शिरायचं, आडवं आणि हळू, झोपलेल्या तान्ह्या बाळाखालचं दुपटं काढावं तसं. पहिल्याच वर्षी एका शेतात लोखंड हुडकायचं यंत्र चाळीस वेळा वाजलं आणि चाळीस वेळा खिळा निघाला. एकेचाळिसाव्या वेळी ती कंटाळली आणि खुरपी वरून घातली. तो खिळा नव्हता.

"नशीब समजा, गोळ्याला पेटवणारी नुसती टोपी फुटली, आख्खा गोळा नाही," डॉक्टर म्हणाले.

"नशीब कसलं डोंबलाचं! चूक माझी होती," ती म्हणाली, आणि टाके निघाल्यावर पुन्हा कामावर हजर.

या वर्षी काम होतं शाळेच्या मैदानावर. तिथे चार गोळे सापडले. सापडलेला गोळा उचलायचा नाही, हलवायचा नाही. आसपासची घरं रिकामी करायची, भोवती वाळूची पोती रचायची, शेजारी सुरुंग ठेवायचा आणि लांब तार ओढून भिंतीआडून तो जागच्या जागी उडवायचा. "एवढा तमाशा कशाला? बादलीत घाला आणि नदीत टाका," असं एका पुढाऱ्याने सुचवलं, तेव्हा खुरपीताईने धावत जाऊन त्याला बादली आणून दिली. तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

उरला एकच पट्टा, वर्गांच्या दारासमोरचा. जुन्या शाळेचं लाकडी छप्पर तिथेच जळून कोसळलं होतं. वीतभर पुढे सरकलं की यंत्र बोंब मारायचं. अशात वरचे साहेब फाइल घेऊन आले.

"गुरुवारी मंत्री येतायत. ‘लोखंडी कचरा’ असं लिहा आणि सही करून टाका. अहो, खिळेच आहेत ते!"

"तुम्हाला कसं कळलं? वास आला का?"

खुरपीताईची लेक तिथेच उभी होती. ती या शाळेची शिक्षिका. दोन वर्षं नव्वद मुलांना धान्याच्या गोदामात, तापलेल्या पत्र्याखाली शिकवत होती. आदल्याच दिवशी पहिलीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली होती.

"आई, अगं, किती ताणशील?" ती म्हणाली. "माझी पोरं उकडून निघतायत. चार गोळे काढलेस ना? झालं की!"

हे मात्र जिव्हारी लागलं. साहेबांचं काय, आज आहेत, उद्या नाहीत. पण पोटच्या पोरीने असं म्हणावं? खुरपीताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि साहेबांसमोर आलं म्हणून तिचं डोकं आणखीच भडकलं.

"तुम्हाला जमत नसेल तर मी करतो सही," साहेब म्हणाले. "तुम्ही घरी बसा."

"करा की! हे घ्या पेन." तिने पेन पुढे केलं. "पण पथकाची रीत माहीत आहे ना? सही करणाऱ्याने त्या जमिनीवरून सगळ्यांदेखत पहिलं चालायचं, पाय आपटत, कोपरा न् कोपरा. गुरुवारी पुढे तुम्ही. तुमच्या मागून माझी लेक नव्वद पोरं घेऊन येईल."

साहेबांनी पेन घेतलं. पट्ट्याकडे पाहिलं. फाइल उघडली, मिटली, आणि मग चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या नाकावरच होता.

"मी नाही आणणार मुलं," लेक एकदम म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आईची सही होईपर्यंत नाही."

गुरुवारी मंत्र्यांनी फाटकातच फीत कापली, फोटो काढून घेतले आणि गेले. दुसऱ्या दिवशी कामात दिरंगाई केल्याची नोटीस आली. खुरपीताईने तिची घडी घातली आणि गुडघ्याखाली घेतली, कारण जमीन टणक होती.

नऊ दिवस ती त्या पट्ट्यात ओणवी होती. यंत्र वाजलं की थांबायचं, बाजूने शिरायचं, खिळा काढायचा, डब्यात टाकायचा. पाचशेच्या पुढे हातच सांगायला लागला, खिळाच आहे गं, घाल वरून. "गप बस मेल्या," ती हाताला म्हणायची, "दोन बोटं खाल्लीस तेवढी पुरे." नवव्या दिवशी सहाशे बारावा खिळा निघाला आणि यंत्र गप्प झालं. गोळा एकही नव्हता.

साहेब हसत हसत आले. "बघा! मी काय म्हणत होतो?"

"खिळेच निघाले," खुरपीताई म्हणाली. "पण ते आज कळलं. त्या दिवशी तुम्हाला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. म्हणून तर तुमचं पेन अडलं."

तिने सही केली. मग सगळ्यांदेखत पट्ट्यावरून चालली, पाय आपटत, कोपरा न् कोपरा. गुडघे ठणकत होते, तरी एकही पाऊल हलकं टाकलं नाही. वर्गाच्या दाराशी पोचली आणि वळून ओरडली, "आता काय आमंत्रण पाठवू? या की!"

सगळ्यांत पुढे लेक आली. एका हाताला ती चक्कर येऊन पडलेली मुलगी, दुसऱ्या हातात रोप आणि आईची दवाखान्याच्या बागेतली जुनी खुरपी.

"दाराशी सावली हवी," ती म्हणाली. "आई, कुठे खणू?"

"कुठेही खण," खुरपीताई म्हणाली. "नाहीतर थांब, आण इकडे."

तिने पट्ट्याच्या मधोमध बसकण मारली आणि खुरपी वरून, सगळा जोर लावून घातली. माती स्वतःकडे ओढली.