गायकवाडांचे न सापडणारे मेल

“सापडला नाही म्हणजे पाठवलाच नाही. संपला विषय,” देसाई म्हणाला आणि उठायला लागला.

“अरे बस जरा. मी अजून खुर्चीतून हललेसुद्धा नाहीये.”

देसाई आमच्या कंपनीचा सर्व्हिस हेड. आम्ही लिफ्ट बसवतो आणि पुढे त्यांची देखभालही करतो. ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. मी तिथली सिस्टम अ‍ॅडमिन, म्हणजे सर्व्हर, मेल, नेटवर्क सांभाळणारी बाई. लोकांना मी फक्त प्रिंटर अडकला की आठवते, ती गोष्ट वेगळी. देसाई आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो, त्यामुळे आमचं अरे-तुरे.

भानगड अशी होती. घाटकोपरच्या एका सोसायटीत काही वर्षांपूर्वी लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली. दार उघडलं, एक काकू बाहेर पडायला गेल्या, ठेचकाळल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. त्यांच्या घरच्यांनी सोसायटीवर केस केली. सोसायटीने आमच्याकडे बोट दाखवलं. म्हणे ब्रेक झिजलाय हे तुमच्या माणसाने आम्हाला कधी सांगितलंच नाही.

तो माणूस म्हणजे सुनील गायकवाड, आमचे सर्व्हिस इंजिनिअर. राहायला कांजूरमार्गला. बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं. “मॅडम, मी लेखी कळवलं होतं. ब्रेक बदलायला मंजुरी द्या, तोवर लिफ्ट बंद ठेवा, असा मेल तेव्हाच्या सेक्रेटरींना केला होता. देसाईसाहेब सीसीमध्ये होते.”

देसाईला काही आठवत नव्हतं. ते सेक्रेटरी फ्लॅट विकून कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. आणि मधल्या काळात कंपनीने मेलची व्यवस्थाच बदलली होती, त्यामुळे जुने मेल कुणाच्याच लॅपटॉपवर उरले नव्हते. वरच्या मजल्यावर जवळजवळ ठरलंच होतं की सगळं खापर गायकवाडांवर फोडायचं, त्यांना काढायचं आणि कंपनीने हात वर करायचे. नोकरी जाणार ती जाणारच, वर ‘याच्यामुळे अपघात झाला’ असा शिक्का बसलेल्या माणसाला दुसरी कोणती लिफ्ट कंपनी दारात उभं करणार? घरी दोन मुलं शिकतायत. मला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून मेल सापडत नाही.

जुना सर्व्हर बंद करताना मी सगळ्यांचे मेल एका डिस्कवर उतरवून माझ्या कपाटात कुलपात ठेवले होते. तेव्हा सगळे हसले होते. ती डिस्क मी जोडली. नेहमीच्या मेल सॉफ्टवेअरला त्या अवाढव्य फाइल्स उघडायला सांगितलं की ते गोल गोल फिरायचं आणि शेवटी मान टाकायचं. मग मी माझी काळी खिडकी उघडली. हिला कमांड लाइन म्हणतात. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण टाइप करून सांगायचं, मशीनने टाइप करून उत्तर द्यायचं. त्यात ग्रेप नावाची एक जुनी कमांड आहे. तिला एक शब्द द्यायचा आणि फाइल्सचा ढीग दाखवायचा. तो शब्द जिथे जिथे असेल ती प्रत्येक ओळ ती काढून देते. चहा निवायच्या आत.

मी गायकवाडांनी पाठवलेल्या मेलवर सोसायटीचं नाव शोधलं. उत्तर काहीच नाही. कर्सर लुकलुकत राहिला. त्यावरच देसाईने विषय संपवला होता.

मला मात्र ते पटेना. हाच शोध मी अकाउंट्सच्या मेलवर चालवला, तर सोसायटीचं नाव भराभर आलं. सेल्सच्या मेलवर, तिथेही आलं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं ती लिफ्ट सांभाळली, त्याच्याकडेच नेमकं शून्य? मग मी सरळ ‘लिफ्ट’ हाच शब्द शोधला. तरी शून्य.

“देसाई, लिफ्ट कंपनीचा इंजिनिअर आहे हा. त्याने जन्मात कधी लिफ्ट हा शब्द लिहिला नाही?”

देसाई परत बसला. “म्हणजे?”

“म्हणजे मेल आहेत. आपल्यालाच दिसत नाहीयेत.”

मी त्यातला एक मेल जसा डिस्कवर होता तसाच उघडला. वर तारीख, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि विषयाच्या जागी नुसता कंप्लेंट नंबर, एवढं वाचता येत होतं. खाली नुसता अक्षरांचा चिवडा. बघणाऱ्याला वाटेल, वाट लागली, फाइल खराब झाली. मला तो चिवडा ओळखीचा होता. मी तो उलगडायची कमांड दिली आणि चक्क साध्या, स्वच्छ इंग्रजीतला मेल समोर आला. सगळ्यात शेवटी देवनागरीत एक ओळ होती.

सप्रेम जय भीम, सुनील गायकवाड.

मी कपाळाला हात लावला आणि मग हसायलाच लागले. आमचं जुनं मेल सॉफ्टवेअर निव्वळ इंग्रजी मेल जसाच्या तसा साठवायचं. पण त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं, तरी वाटेत काही बिघडू नये म्हणून तो अख्खा मेल एका संकेतात बांधून टाकायचं. मेल उघडणाऱ्याला ते कधी कळत नाही, सॉफ्टवेअर आपणहून गाठोडं सोडतं. माझी ग्रेप मात्र गाठोड्यावरून हात फिरवून ‘काही नाही’ म्हणत पुढे जात होती. आम्ही बाकीचे सगळे खाली ‘रिगार्ड्स’ लिहिणारे. म्हणून आमचे मेल सापडत होते आणि त्यांचा एकही नाही.

“हे बघ,” देसाई म्हणाला, “मी तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्यांनी ठरवून दिलेली इंग्रजी सही वापरा म्हणून.”

सांगितलं होतं खरं. आम्ही सगळ्यांनी मुकाट ऐकलंही होतं. गायकवाड एकटे त्याच्या केबिनमध्ये गेले होते. दार उघडंच होतं, मी बाहेर प्रिंटरशी झटत होते. “साहेब, नाव, हुद्दा, फोन, सगळं तुमच्या पद्धतीने टाकतो. शेवटची ओळ तेवढी माझी राहू द्या,” एवढंच ते म्हणाले होते. ना भांडण, ना विनवणी. मला तेव्हाच त्या माणसाचं कौतुक वाटलं होतं. मी कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

मग दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेली कामाची यादी. आधी प्रत्येक मेलचं गाठोडं सोड, मग आत शोध. एंटर दाबलं आणि सोसायटीचं नाव धबाधबा यायला लागलं.

खरं सांगते, हवा तो मेल सापडल्यावरही मी वाचतच बसले. इतके सुंदर सर्व्हिस मेल मी पाहिले नव्हते. ज्याला लिफ्टमधलं काही कळत नाही, त्यालाही कळावं असं लिहिलेलं. ब्रेकचं लायनर म्हणजे काय, ते झिजलं की लिफ्ट मजला सोडून खाली का घसरते, सगळं चार-चार शब्दांच्या वाक्यांत. सोबत फोटो. आणि त्या मेलमध्ये स्पष्ट होतं: तुमच्याकडे वयस्कर माणसं बरीच आहेत, पायरी झाली तर पडतील, ब्रेक बदलेपर्यंत लिफ्ट चालू करू नका. सीसीमध्ये देसाई.

देसाईने तो दोनदा वाचला. “हा नंतर बनवलेला नाही कशावरून?”

“डिस्क माझ्या कुलपात होती. आणि सोसायटीकडे मेल पोचल्याची सर्व्हरची नोंदही आहे, ही बघ.”

त्याने सीसीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “मला आला होता गं हा. मी उघडलाच नसणार.” त्याचं एक मात्र मानलं पाहिजे. तो तसाच उठून वर गेला आणि हेच वाक्य डायरेक्टरसमोर जसंच्या तसं बोलला.

आमच्या वकिलाने मेल पुढे ठेवला तसा सोसायटीचा सूर बदलला. त्यांनी काकूंच्या घरच्यांशी समझोता करून भरपाई दिली. गायकवाड कामावर राहिले. त्यांचा तो मेल आता नव्या इंजिनिअर्सना नमुना म्हणून दाखवतात. आणि मी एक शिकले. मशीन ‘नाही’ म्हणालं की आधी त्याला विचारायचं, तुला वाचता तरी आलं का?

मेल सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गायकवाड माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. डोळे लाल होते, झोप झालेली नसावी. “मॅडम, माझ्या सहीमुळेच सापडत नव्हतं म्हणे. बदलून टाकू का?”

“हात लावाल तर बघा,” मी म्हटलं. “सर्च बदललाय मी.”